शहरांचा ताळेबंद मांडणारा माणूस

१९९५ साली मी मुंबईत बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. एके दिवशी काउंटर बंद व्हायच्या सुमारास खतांच्या व्यवसायातले एक गृहस्थ एक नोट घेऊन आले. ट्युनिशियाची दहा दिनारांची नोट, कोटाच्या खिशात चुकून राहून गेलेली. दिनार त्या देशाबाहेर नेण्यालाच बंदी असल्याने आमच्या दरपत्रकात त्याला भाव नव्हता. बँकेच्या लेखी तो एक रंगीत कागद. गृहस्थ हसले, आठवण म्हणून ठेवून घ्या असे सांगून निघून गेले.

नोटेवर एका दाढीधारी पुरुषाचे चित्र होते. चौकशी केली तेव्हा कळले, हा कोणी राजा नव्हे, सेनापती नव्हे. हा इब्न खल्दून, चौदाव्या शतकातला इतिहासकार. नोटेवर इतिहासकार छापणारा देश मला तेव्हा फार आवडला होता. त्या आवडीत थोडा भाबडेपणा होता हे पुढे सोळा वर्षांनी समजले. ते शेवटी सांगतो.

इब्न खल्दूनचा जन्म २७ मे १३३२ चा, ट्युनिस शहरातला. भूमध्य समुद्राला लागून एक उथळ खारे सरोवर आहे आणि त्याच्या काठी हे गाव. जवळच कार्थेजचे अवशेष. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये कार्थेज जाळले, पुढे स्वतःच पुन्हा वसवले. इसवी सन ६९८ मध्ये अरबांनी ते जिंकले, पण तिथे न राहता त्यांनी शेजारच्या ट्युनिसला मोठे केले. शहराच्या मध्यभागी असलेल्या झैतुना मशिदीतले कितीतरी खांब कार्थेजच्या पडक्या इमारतींतून आणलेले आहेत. म्हणजे जुन्या वाड्याच्या तुळया काढून नवे घर बांधावे, तसे हे शहर.

निवृत्तीनंतर तिथे जाण्याचा योग आला तेव्हा मी त्या खांबांवरून हात फिरवून पाहिला. मशिदीला खेटूनच अत्तरवाल्यांचा बाजार आहे, तोही तेराव्या शतकापासूनचा. जुन्या शहराची रचना हिशेबी आहे. मशिदीजवळ अत्तरे, पुस्तके, उंची कापड असे स्वच्छ आणि शांत धंदे, आणि वास मारणारे, घाण करणारे धंदे, म्हणजे कातडी कमावणारे आणि रंगारी, पार कडेला वेशीपाशी. संध्याकाळी पुरुष कानावर मोगऱ्यासारख्या फुलांचा छोटा गुच्छ खोचून फिरतात. चहात पुदिन्याबरोबर चिलगोज्यांसारख्या बिया तरंगतात. आपल्या माणसाला परके वाटू नये असे गाव.

या गावाचा एक स्वभाव आहे. ते आश्रितांना घरात घेते. स्पेनमधली मुसलमानी राज्ये एकेक करून पडू लागली तशी तिथली विद्वान, कारागीर, माळी, गवंडी मंडळी समुद्र ओलांडून इकडे आली. खल्दून घराणे त्यांतलेच. मूळचे येमेनमधल्या हद्रमौतचे, कित्येक पिढ्या सेव्हिल शहरातले मातब्बर. १२४८ मध्ये सेव्हिल ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, त्याआधीच काळाची पावले ओळखून त्यांनी घरदार सोडले होते. ट्युनिसच्या हफ्सी सुलतानांनी त्यांना आसरा दिला, आणि नुसता आसरा नव्हे, कारभारही दिला. इब्न खल्दूनचे पणजोबा तर राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख झाले.

पण १२८३ मध्ये एका तोतयाने गादी बळकावली. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. त्याच्यासारखाच हाही मेलेल्या राजपुत्राचे नाव सांगत आला होता. फरक इतकाच, की तो काही काळ खरोखरच सुलतान झाला. त्याने जमाखर्चाच्या प्रमुखाची मालमत्ता जप्त केली, त्याचे हाल केले आणि त्याला ठार मारले. त्यानंतर घरात सत्तेविषयी एक धास्ती बसली असावी. इब्न खल्दूनच्या वडिलांनी दरबाराचे नावच काढले नाही. ग्रंथ, व्याकरण, काव्य आणि मुलांचे शिक्षण एवढेच त्यांनी आपले मानले.

मुलगा हुशार निघाला. तो पंधरा वर्षांचा असताना, १३४७ मध्ये, पश्चिमेकडच्या फेझच्या सुलतानाने ट्युनिस जिंकले. त्याच्याबरोबर मोठमोठे पंडितही आले. त्यांच्यापैकी अल-आबिली नावाच्या गुरूने या पोराला तर्कशास्त्र आणि गणिताची गोडी लावली. गावात जणू विद्येची पर्वणी आली होती. आणि वर्ष-दीड वर्षातच प्लेग आला. पुण्याने १८९७ मध्ये जे भोगले तेच, पण कितीतरी पटींनी भयंकर. त्या साथीत इब्न खल्दूनचे आई-वडील गेले, बरेचसे गुरुजन गेले. सतरा वर्षांचा मुलगा आणि ओस पडलेले गाव. पुढे आयुष्यभर त्याने ज्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो त्या दिवसांतच त्याच्या मनात पडला असावा असे मला वाटते. भरलेली शहरे रिकामी का होतात?

विशीच्या आतच त्याला पहिली नोकरी मिळाली. सरकारी पत्रांच्या शिरोभागी ईश्वरस्तुतीचे शब्द ठसठशीत वळणदार अक्षरांत लिहायचे. आपल्या जुन्या दप्तरांतल्या मोर्तबासारखेच ते. त्याशिवाय कागद खरा मानला जात नसे. काम मानाचे, पण कारकुनीच. शिवाय गुरुजन फेझला परतलेले. १३५२ मध्ये सुलतानाच्या फौजेबरोबर तो एका मोहिमेवर गेला, फौजेचा पराभव झाला, आणि हा परत आलाच नाही. गाव सुटले ते तब्बल सव्वीस वर्षे.

या सव्वीस वर्षांचा हिशेब मांडताना माझ्यासारख्या नोकरदाराची दमछाक होते. फेझच्या दरबारी तो चिटणीस झाला, कटाच्या संशयावरून जवळजवळ दोन वर्षे तुरुंगात राहिला, सुलतान मेल्यावर सुटला. मग ग्रानाडा. तिथल्या सुलतानाचा वकील म्हणून १३६४ मध्ये तो सेव्हिलला गेला, म्हणजे आपल्या पूर्वजांच्याच गावी. ख्रिस्ती राजा पेद्रोने त्याला आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला आणि घराण्याची गेलेली मालमत्ता परत देऊ केली. त्याने नकार दिला. वाडवडिलांचे घर कोणी हातावर ठेवत असताना नाही म्हणणे सोपे नसते. पुढच्याच वर्षी तो बुजी या बंदराच्या राज्याचा मुख्य कारभारी झाला. वर्षभरात मालक लढाईत मेला. तेव्हा याने शहर जिंकणाऱ्याच्या स्वाधीन केले आणि त्याचीच चाकरी धरली. तीही फार टिकली नाही.

खरे सांगायचे तर त्याने मालक बदलताना फारशी खंत बाळगलेली दिसत नाही. पडणारी बाजू त्याला लौकर ओळखता येई आणि तो वेळेवर पाय काढून घेई. त्याची थोरवी मानणाऱ्यांनीही हा डाग झाकू नये. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या घरात पणजोबा निष्ठेने हिशेब ठेवता ठेवता मारला गेला, त्या घरातला हा मुलगा होता.

फेझमधली एक हकीकत मात्र आपल्यासाठी खास आहे. तिथे एक प्रवासी परतला होता, इब्न बतूता. आपल्या देवगिरीचे दौलताबाद करणाऱ्या महंमद तुघलकाच्या पदरी राहिलेला, खुद्द दौलताबाद पाहिलेला. तो दिल्लीच्या सुलतानाच्या ऐश्वर्याच्या गोष्टी सांगे आणि दरबारी लोक त्याला थापाड्या समजत. तरुण इब्न खल्दूनलाही तेच वाटले. एका वजिराने त्याची समजूत घातली. तुरुंगात वाढलेल्या एका मुलाने उंदरांखेरीज प्राणी पाहिलेला नव्हता. बाप मेंढीचे कितीही वर्णन करो, त्याला ती उंदराचाच प्रकार वाटे. आपण पाहिले नाही म्हणून ते नाहीच असे समजू नये. ही गोष्ट त्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे, आपला स्वतःचा उतावळेपणा न लपवता.

१३७५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने सगळे सोडले. आजच्या अल्जीरियातल्या एका डोंगरी गढीत बायकामुलांसह जवळजवळ चार वर्षे तो राहिला. तिथेच १३७७ मध्ये, अवघ्या पाच महिन्यांत, त्याने ‘मुकद्दिमा’चा पहिला खर्डा लिहिला. मुकद्दिमा म्हणजे प्रस्तावना. जगाच्या इतिहासाची प्रस्तावना म्हणून लिहायला घेतले आणि प्रस्तावनाच मूळ ग्रंथाहून मोठी ठरली.

त्यात त्याने राज्यांचे आयुष्य मोजले. रानावनातली, वाळवंटातली टोळी एकमेकांसाठी जीव टाकणारी असते. त्या एकोप्याच्या बळावर ती शहर जिंकते. पहिली पिढी काटक, दुसरी सुखावलेली, तिसरी ऐतखाऊ. चाळीस वर्षांची एक पिढी धरली तर एकशेवीस वर्षांत बहुतेक घराण्यांचा खेळ आटोपतो. कराविषयी तर त्याने असे लिहिले आहे की बँकेतल्या माणसाने कान टवकारावेत. राज्य नवे असते तेव्हा करांचे दर कमी आणि वसुली भरपूर. राज्य म्हातारे होते तेव्हा दर भरमसाट आणि वसुली तुटपुंजी, कारण राबण्याची लोकांची उमेदच मेलेली असते. आणि राज्यकर्ता स्वतः व्यापारात उतरला की समजावे, शेवट जवळ आला. त्याच्याशी बरोबरी कोण करणार? व्यापारी दुकाने मिटतात आणि खजिन्याचा झराच आटतो.

हे सारे स्मरणातून लिहून झाले, पण पडताळायला ग्रंथ हवे होते. ते ट्युनिसलाच मिळणार. १३७८ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो घरी परतला. आई-वडिलांच्या कबरी, झैतुनाचे आवार, ओळखीचे बाजार. आता इथेच राहायचे असे त्याने ठरवले असावे. ग्रंथ पुरा करून त्याने सुलतानाला अर्पण केला. विद्यार्थी त्याच्याभोवती जमू लागले आणि इथेच माशी शिंकली. झैतुनातले मोठे धर्मशास्त्री इब्न अरफा यांना हे सहन होईना. सुलतानाचे कान भरले जाऊ लागले. चार वर्षांत त्याने ओळखले की इथे आपला निभाव लागणार नाही. १३८२ मध्ये हजयात्रेची परवानगी मागून तो जहाजात चढला. बायकामुले मागेच राहिली. सुलतान त्यांना सोडेना, कारण ती होती तोवर हा परत येईल अशी आशा होती.

माझ्या नोकरीत सात बदल्या झाल्या. दर वेळी बिऱ्हाड मागाहून आणू असे म्हणून मी पुढे गेलो आहे. त्यामुळे पुढचे लिहिताना हात जड होतो.

कैरोत त्याचे मोठे स्वागत झाले. अल-अझहरमध्ये तो शिकवू लागला आणि १३८४ मध्ये मालिकी पंथाचा मुख्य काझी झाला. इजिप्तच्या सुलतान बरकूकने ट्युनिसच्या सुलतानाला लिहून त्याच्या कुटुंबाची सुटका करवली. जहाज निघाले, आणि अलेक्झांड्रियाच्या जवळ येऊन वादळात फुटले. बायकामुले गेली, संसार समुद्राच्या तळाशी गेला. ट्युनिसने प्लेगमध्ये आई-वडील घेतले होते, आता ट्युनिसहून निघालेले उरलेलेही बुडाले. शहरे का बुडतात याची कारणे ज्याने क्रमवार लिहिली, त्याच्याकडे या एका नोंदीचे कारण नव्हते.

तरीही तो चोवीस वर्षे इजिप्तमध्ये जगला. सहा वेळा काझी झाला आणि पाच वेळा पदावरून गेला, कारण वशिला चालू देत नसे. कैरोतले काझी एक विशिष्ट झगा घालत. हा मात्र आपल्या मुलखातला टोपीचा झगाच वापरत राहिला. लोक नाके मुरडत. घर राहिले नव्हते, वेश तेवढा त्याने सोडला नाही.

१४०१ च्या जानेवारीत तैमूरलंगाने दमास्कसला वेढा घातला होता. सत्तरीकडे झुकलेला हा म्हातारा दोरांनी तटाखाली उतरून त्याला भेटायला गेला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या छावणीत राहिला. तैमूरने त्याच्याकडून उत्तर आफ्रिकेचे वर्णन लिहून घेतले. त्याचे खेचरही मागितले. इब्न खल्दून कैरोला परतल्यावर तैमूरने वकिलाबरोबर खेचराची किंमत पाठवली, तेव्हा आपल्या सुलतानाला कळवून त्याची संमती मिळेपर्यंत याने पैशाला हात लावला नाही. तरुणपणी मालक बदलणारा हा माणूस म्हातारपणी एका खेचराच्या पैशाचा हिशेब देतो, हे मला फार मोलाचे वाटते.

१७ मार्च १४०६ रोजी कैरोत तो वारला. शहराच्या दरवाज्याबाहेर सूफींच्या स्मशानात त्याला पुरले. आज ती कबर कुठे आहे हे सांगता येत नाही.

ट्युनिसने पुढेही आपला स्वभाव सोडला नाही. स्पॅनिश आले, तुर्क आले. १६०९ मध्ये स्पेनने हाकललेले मोरिस्को आले आणि लाल लोकरी टोप्यांचा धंदा इथे भरभराटीला आणला. १८८१ मध्ये फ्रेंच आले, १९५६ मध्ये स्वातंत्र्य आले. सगळ्यांना घर देणाऱ्या या गावाने आपल्या सर्वांत थोर मुलाला मात्र दोनदा गमावले, आणि मग उशिरा त्याचा ब्राँझचा पुतळा मुख्य रस्त्याच्या तोंडाशी उभारला. अंगात तोच टोपीचा झगा, हातात ग्रंथ.

त्याच रस्त्यावर १४ जानेवारी २०११ रोजी हजारो लोक जमले आणि तेवीस वर्षे राज्य केलेला अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. लोकांच्या संतापाचे एक कारण असे, की त्याच्या नातलगांनी देशातल्या धंद्यांवर आणि मालमत्तांवर कब्जा केला होता. राज्यकर्ता व्यापारात उतरला की काय होते, ते त्या पुतळ्याच्या हातातल्या ग्रंथात सहाशे वर्षांपूर्वीच लिहिलेले होते. आणि माझ्याकडची ती नोट याच अध्यक्षाच्या कारकिर्दीत, १९९४ साली निघाली होती. माणसाचे चित्र छापले, त्याचे पान मात्र कोणी उघडले नाही.

पुढे त्या नोटेवरची चित्रे बदलत गेली. माझ्याकडची नोट आता ट्युनिसमध्येही कोणी घेणार नाही. मी ती ‘मुकद्दिमा’च्या भाषांतरात खूण म्हणून ठेवली आहे, करांच्या प्रकरणापाशी.