मैदानावरचे मास्तर

फुटबॉल तुम्ही नक्कीच खेळला असाल. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन दगड ठेवले, की गोल तयार होतो. बूट नसले तरी चालते. चेंडू जुना असला तरी चालतो. या साध्या खेळात एक काळ असा होता, की भारताचा संघ जगातील पहिल्या चार संघांत जाऊन बसला होता. हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. त्या संघाचा प्रशिक्षक कोणी परदेशी साहेब नव्हता. तो हैदराबादमधला एक शाळामास्तर होता. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी हैदराबादवर निजामाचे राज्य होते. त्यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले आणि तेथे त्या काळी सर्व विषय उर्दू माध्यमातून शिकवले जात. विज्ञान, इतिहास, कायदा, सारे काही उर्दूत! म्हणजे रहीमसाहेबही तुमच्यासारखे उर्दू माध्यमाचेच विद्यार्थी होते. कॉलेजात ते अभ्यासही करत आणि विद्यापीठाच्या संघातून फुटबॉलही खेळत. पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा हैदराबादमधल्या शाळांत त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी आपल्याकडे घेतली.

वर्गात शिकवणारा माणूस मैदानावर गेला, तरी त्याची शिकवण्याची सवय सुटत नाही. रहीमसाहेबांचे तसेच झाले. खेळाडूची चूक झाली, की ती का झाली हे ते शोधत आणि मग त्या चुकीसाठी खास सराव तयार करत. आपल्याकडच्या मुलांना चेंडू पायात घोळवत बसण्याची फार हौस असते. एकाला चकवले, दुसऱ्याला चकवले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्याने चेंडू काढून घेतला! ही खोड मोडण्यासाठी रहीमसाहेबांनी चेंडू घोळवण्यास बंदी असलेले सामने भरवले. चेंडू आला, की लगेच साथीदाराकडे द्यायचा. बहुतेक मुले फक्त उजव्या पायाने खेळतात, म्हणून त्यांनी केवळ कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धाही घेतल्या. तुम्ही एकदा हा प्रयोग करून पाहा. पाच मिनिटांत तुमच्या लक्षात येईल, की आपला डावा पाय अजून पहिलीतच आहे.

1943 च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि काही वर्षांनी हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर दरवर्षी हैदराबादचे पोलीस येत आणि चषक घेऊन परत जात. मुंबईकरांना वाईट वाटत असेल, पण खेळ इतका सुंदर होता, की टाळ्या तर वाजवाव्याच लागत.

याच काळात भारतीय संघाची सूत्रे रहीमसाहेबांच्या हाती आली. 1951 साली दिल्लीत पहिले आशियाई सामने झाले. अंतिम सामन्यात भारताने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. सुरुवात तर झकास झाली. पण पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला.

1952 साली फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात ऑलिम्पिक सामने झाले. भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. तेथे हवा थंड होती आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यांना लहानपणापासून तशीच सवय होती. बूट घातले, की पाय जड होतात असे त्यांना वाटे. समोरचे खेळाडू बूट घातलेले, धिप्पाड आणि सरावलेले. भारत 1-10 असा हरला. दहा गोल! अशा पराभवानंतर एखाद्याने मैदानाकडे पाठच फिरवली असती. यानंतर भारतीय फुटबॉल संघटनेने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनीही युरोपचे संघ कसे खेळतात हे तेथे नीट पाहून घेतले होते. पूर्वी आपल्याकडे पाठीमागे दोनच बचावपटू उभे राहत. ही जुनी रचना त्यांनी बदलली. मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार अशी रचना भारतात रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

ते गुणी मुले कशी हेरत, याचे एक उदाहरण सांगतो. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या खेड्यात तुलसीदास बलराम नावाचा एक गरीब घरचा मुलगा होता. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि त्याला हैदराबादला सरावासाठी बोलावले. पण रोज इतक्या लांब येण्यासाठी मुलाकडे पैसे कोठून असणार? त्याने आपली अडचण सांगितली. तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलसाठी त्याला रोज एक रुपया देण्यास सुरुवात केली. त्या काळी मास्तरांचा पगार तो काय असणार! पुढे बलराम भारताचे नामवंत खेळाडू झाले आणि त्या रुपयाची आठवण त्यांनी आयुष्यभर सांगितली.

आता आपण 1956 सालाकडे वळू. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ऑलिम्पिक सामने भरले. भारतीय संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, लतीफ, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम असे हैदराबादचे कितीतरी शागिर्द होते. कर्णधार होते बंगालचे समर बॅनर्जी. उजव्या बगलेवर वीस वर्षांचे पी. के. बॅनर्जी होते. आणि आघाडीला होते गोव्याच्या कुटुंबातले, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा. हैदराबाद, कलकत्ता, मुंबई. भाषा निरनिराळ्या, धर्म निरनिराळे, खेळण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या. त्यांतून एक संघ घडवायचा होता.

खरे सांगायचे, तर त्या वर्षी बऱ्याच देशांनी माघार घेतली होती. फुटबॉलमध्ये केवळ 11 संघ उतरले. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे भारत न खेळताच पुढे गेला. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण पुढचा सामना कोणी फुकट दिला नाही.

1 डिसेंबर 1956. उपान्त्यपूर्व फेरीचा सामना. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. ही बाद फेरी होती. म्हणजे जो हरला तो घरी गेला. प्रेक्षक ऑस्ट्रेलियाचे, मैदान ऑस्ट्रेलियाचे. नवव्या मिनिटाला नेव्हिल डिसूझांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल! भारत 2-1. मध्यंतराला चार मिनिटे उरली असताना पुन्हा मॉरोने गोल केला. 2-2.

अशा मध्यंतरात प्रशिक्षकाची परीक्षा असते. दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी झाली, की खेळाडूंचा धीर सुटू लागतो. शिवाय त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. जे अकरा उतरले, त्यांनीच शेवटपर्यंत खेळायचे. रहीमसाहेबांचे अकरा जण मध्यंतरानंतर अधिक ताजे होऊन उतरले असावेत, असे पुढचा खेळ पाहून वाटते. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. ऑलिम्पिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि सामना संपला. भारत 4, ऑस्ट्रेलिया 2. आशिया खंडातील कोणताही संघ त्याआधी ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचला नव्हता. ऑस्ट्रेलियाने नंतर सिडनीत भारताशी पुन्हा एक मैत्रीपूर्ण सामना खेळला. त्यात भारताने सात गोल केले आणि ऑस्ट्रेलियाने एक. तेव्हा मेलबर्नचा विजय नशिबाचा होता असे कोणी म्हणू शकत नाही.

उपान्त्य फेरीत कोण समोर आले असेल? तोच युगोस्लाव्हिया! चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा. 4 डिसेंबरला हा सामना झाला. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. मध्यंतरानंतर नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत 1-0 असा पुढे गेला. क्षणभर विचार करा. हैदराबादच्या एका मास्तरांचा संघ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपासून अर्ध्या तासावर उभा होता. पण युगोस्लाव्हियाने दोनच मिनिटांत बरोबरी केली. मग तेरा मिनिटांच्या आत त्यांचे तीन गोल झाले. चौथा गोल तर आपल्याच खेळाडूकडून आपल्या गोलात गेला. बचाव करणाऱ्याच्या नशिबी असे कधीतरी येते, त्याला दोष देऊ नये. भारत 1-4 असा हरला. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना बल्गेरियाने 3-0 असा जिंकला. भारताला पदक मिळाले नाही, चौथा क्रमांक मिळाला. नेव्हिल डिसूझा चार गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिले आले.

1-10 आणि 1-4. दोन्ही पराभवच. पण या दोन आकड्यांमधली चार वर्षे रहीमसाहेबांनी कशी घालवली असतील, ते तुम्हीच ओळखा.

1960 साली ते संघाला रोमच्या ऑलिम्पिकला घेऊन गेले. तेथे भारताने फ्रान्सला 1-1 असे बरोबरीत रोखले, पण हंगेरी आणि पेरूकडून हार पत्करली. त्या संघात त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते.

शेवटची मोहीम मात्र सर्वांत कठीण होती. 1962 साली इंडोनेशियातील जकार्ता येथे आशियाई सामने झाले. रहीमसाहेबांना धूम्रपानाची फार सवय होती आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरवले. पुढे भारताने थायलंड व जपान यांना हरवले, पण थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. त्यातच बाहेरचे वातावरण बिघडले. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. भारताचे एक क्रीडा अधिकारी जी. डी. सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि जकार्तातील लोक भारतावर चिडले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबरला, अंतिम सामना होता. समोर पुन्हा दक्षिण कोरिया.

रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला होता. जखमी जर्नेलसिंगना बचावात ठेवले, तर डोक्यावर वारंवार मार बसेल. पण त्यांना बसवून ठेवणेही परवडणारे नव्हते. म्हणून उपान्त्य फेरीपासून त्यांना थेट आघाडीला खेळवले! आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या मुलांकडे एक भेट मागितली. ती भेट म्हणजे सुवर्णपदक. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि ते भारताविरुद्ध ओरडत होते. भारताला प्रोत्साहन देणारा एक लहानसा गट होता, तो म्हणजे पाकिस्तानचा हॉकी संघ. आपल्या खेळाडूंनी ही आठवण नंतर मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी टाके पडलेल्या त्याच डोक्याने चेंडू गोलात मारला. कोरियाला शेवटी शेवटी एकच गोल करता आला. मास्तरांनी मागितलेली भेट मुलांनी दिली.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, हैदराबाद येथे रहीमसाहेबांचे निधन झाले. ते 53 वर्षांचे होते. उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्याची पद्धत 1985 साली सुरू झाली, तेव्हा त्यांना जाऊन 22 वर्षे झाली होती. 2024 साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला आणि अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. जकार्तानंतर आशियाई सामन्यांत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही, आणि रोमनंतर ऑलिम्पिकच्या फुटबॉल मैदानावर भारताचा संघ उतरलेला नाही.