मायकेल फॅराडे आणि तारेचें वेटोळें

गणितांत गति नाहीं, घरीं पुस्तकें नाहींत आणि वडिलांची मिळकत तुटपुंजी, अशा अडचणी वाट्यास आल्या म्हणजे शास्त्राचा अभ्यास आपणांसाठीं नव्हे, असें पुष्कळ विद्यार्थी मानून बसतात. त्यांच्यापुढें आम्ही आज मायकेल फॅराडे याचें चरित्र ठेवीत आहों. ह्या तिन्ही अडचणी त्याच्याहि वाट्यास आल्या होत्या.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ न्यूइंग्टन येथें एका लोहाराच्या घरीं झाला. बापाची प्रकृति नादुरुस्त असल्यामुळें त्याच्या कामांत वारंवार खंड पडे. १८०१ सालीं धान्य फार महागलें, तेव्हां मायकेलच्या वाट्यास एक पाव येई व त्यावर त्यास सारा आठवडा काढावा लागे. लिहिणें, वाचणें व साधा हिशेब यांपलीकडे त्याचें शालेय शिक्षण गेलें नाहीं. चौदाव्या वर्षीं तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थाकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवार राहिला. बांधण्यास आलेलें पुस्तक तो आधीं वाची व मग बांधी. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या बाईंचें रसायनशास्त्रावरील पुस्तक हेच त्याचे पहिले गुरु होत. १८१२ सालीं त्यानें अर्ध्या पेनीचीं सात तांब्याचीं नाणीं, तेवढ्याच जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून स्वतःची बॅटरी केली.

त्याच वर्षीं दुकानांतील एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हम्फ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकलीं. त्यांचीं टिपणें सुवाच्य उतरून, आकृत्या काढून व स्वतः बांधून त्यानें तीं डेव्हींकडे पाठविलीं. १ मार्च १८१३ रोजीं आठवड्यास २५ शिलिंग पगारावर तो तेथील प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. ज्या हातांनीं तो पुस्तकें बांधी, त्याच हातांनीं पुढें तो तारा गुंडाळूं लागला.

१८२० सालीं कोपनहेगन येथें अर्स्टेड या पंडितानें दाखविलें कीं, विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते. पुढील वर्षीं फॅराडेनें प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोंवतीं सारखी फिरती ठेवून दाखविली. आजच्या विजेच्या मोटारीचें मूळ येथेंच आहे. परंतु ही कल्पना त्यानें दुसऱ्या एका शास्त्रज्ञाची उचलली, असा बोभाटा झाला. १८२४ सालीं रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून त्याची निवड व्हावयाची होती, तेव्हां खुद्द डेव्हींनीं विरोध केला. तरी निवड झालीच. विरुद्ध मत काय तें एक पडलें. फॅराडेनें डेव्हींविषयींचा आदर मात्र कधीं सोडला नाहीं.

त्याच्या मनांत एक प्रश्न घोळत होता. विजेपासून चुंबकत्व निघतें, तर चुंबकत्वापासून वीज कां निघूं नये? दहा वर्षें अधूनमधून त्यानें प्रयोग केले व ते फसले. फसलेला प्रयोगहि तो वहींत टिपून ठेवी. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें सहा इंच व्यासाचें नरम लोखंडाचें कडें घेतलें आणि त्याच्या दोन बाजूंस तांब्याच्या तारेचीं निरनिराळीं वेटोळीं गुंडाळलीं. आवरण घातलेली तार त्या काळीं आजच्यासारखी सहज मिळत नसे, म्हणून वेढ्यावेढ्यांमध्यें सुतळी व थराथरांमध्यें कापड घालावें लागलें. एक वेटोळें बॅटरीस जोडावयाचें होतें. दुसऱ्याची तार चुंबकसूचीवरून नेली होती. बॅटरी जोडतांच सूची हलली आणि पुन्हां जाग्यावर आली. प्रवाह चालू असेपर्यंत ती स्वस्थ राहिली; बॅटरी तोडतांच पुन्हां हलली.

त्यास अखंड प्रवाह हवा होता आणि दिसली ती क्षणभराची हालचाल. ती किरकोळ म्हणून सोडून दिली असती, तर दहा वर्षांचे श्रम वायां गेले असते. फॅराडेनें ओळखलें कीं, मर्म त्या क्षणांतच आहे: चुंबकत्व बदलत असतें तेवढाच वेळ वीज उत्पन्न होते. १७ ऑक्टोबरला वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक आंतबाहेर करून त्यानें वीज मिळविली. २८ ऑक्टोबरला चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तांब्याची चकती फिरवून अखंड प्रवाहहि मिळविला. वीजगृहांतील जनित्रें ह्याच तत्त्वावर चालतात.

१८३४ सालीं एका तरुणानें त्यास दाखविलें कीं, एकट्या घटाच्या आंखूड तारेनें धक्का बसत नाहीं. पण मधें विद्युच्चुंबकाचें लांब वेटोळें असलें, तर जोड तोडतांना चांगला धक्का बसतो. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें हें आधींच, १८३२ सालीं, प्रसिद्ध केलें होतें. फॅराडेनेंहि त्याचा कसून शोध घेतला. वाहतां प्रवाह तुटूं लागला म्हणजे वेटोळें त्यास प्रतिकार करतें व क्षणभर घटाच्या कितीतरी पट दाब उत्पन्न करतें.

ह्याच क्षणिक दाबावर आज विद्यार्थ्यांस सुंदर प्रयोग करतां येतो. पांढऱ्या एलईडी दिव्यास सुमारें ३ व्होल्ट लागतात. साध्या सेलचे असतात दीड, आणि वापरलेल्याचे त्याहूनहि कमी. नुसता सेल जोडल्यास दिवा लागत नाहीं. पण फेराइटच्या लहान कड्यावर आवरणाच्या तारेचीं दोन वेटोळीं हातांनीं गुंडाळून एक ट्रान्झिस्टर व एक रोधक जोडला, तर तो ट्रान्झिस्टर प्रवाह सेकंदास हजारों वेळां जोडतो व तोडतो. प्रत्येक तुटीस वेटोळें उसळी देतें आणि दिवा लागतो. डोळ्यास तो अखंड दिसतो. टाकून दिलेल्या सेलमधील उरलेली शक्तिहि अशी कामीं येते. हे प्रयोग सेलवरच करावे; भिंतीच्या विजेस हात लावूं नये.

फॅराडेनें रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद नाकारलें. मुलांसाठीं नाताळांतील व्याख्यानमाला मात्र त्यानें १९ वेळां दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्याचें देहावसान झालें. तें कडें आजहि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेविलेलें आहे.

मुलगा तारा गुंडाळीत बसला, तर तो वेळ फुकट घालवितो असें पालकांनीं समजूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं जवळ एक वही ठेवावी. दिवा लागला नाहीं, तर तेंहि तींत लिहावें, आणि सूची क्षणभरच हलली, तर तें प्रथम लिहावें.