फळा, फारसी आणि एल्फिन्स्टन हायस्कूल

शिस्तीची, जुन्या वळणाची, घोकंपट्टी करून घेणारी शाळा आपल्या मुलांच्या कामाची नाही, ती मनुवाद्यांची शाळा, असे चळवळीतलेच काही कार्यकर्ते भिवंडीच्या वस्त्यांतून सांगत असतात. यंत्रमागावर पाळी करणारा बाप मात्र आपल्या लेकरासाठी नेमकी तीच शाळा शोधतो. आम्ही त्या बापाच्या बाजूचे आहोत. का, हे समजण्यासाठी परमपूज्य बाबासाहेब ज्या शाळेतून मॅट्रिक झाले ती शाळा आठवली पाहिजे.

मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होते. इंग्रजी, गणित आणि जोडीला संस्कृत किंवा फारसी असा तिथला कडक शिरस्ता. सातारा सोडून मुंबईत आलेले रामजी सुभेदारांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. खोलीतच चूल, खोलीतच बकरी. भीमराव पहाटे दोनला उठून दिव्याच्या उजेडात वाचीत बसत. पुस्तकासाठी पैसे नसले की सुभेदार आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. एका पुस्तकापायी घरातली लेक अंगावरचे सोने उतरवून देई, हे आमच्या आयाबहिणींनी विसरू नये.

वकील म्हणून आम्हांला या शाळेची एक गोष्ट फार बोचते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यावर बराच खल झाला आणि १८५८ साली सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या, असे मुंबई सरकारने जाहीर केले. म्हणजे भीमराव एल्फिन्स्टनमध्ये आले तेव्हा कागदावर हक्क होता. पण वर्गात? गणित सोडवायला भीमराव फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. शिक्षकाने अस्पृश्याला शिकवण्यास नकार दिला. थोरल्या भावाच्याही वाट्याला हेच आले होते. दोघांनाही फारसी घ्यावी लागली. हुकूम सरकारचा होता, पण वर्गाची किल्ली शिक्षकाच्या हातात होती.

आता नीट पाहा. बाबासाहेबांनी विषय अवघड आहे अशी तक्रार केली नाही. लादलेल्या फारसीतही त्यांनी उत्तम गुण मिळवले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. त्याचे पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आणि ती नाकारलेली संस्कृत? ती त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने, पंडितांची मदत घेऊन मिळवली. १९४६ साली शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ लिहिताना त्यांनी वैदिक वाङ्मयातल्याच पुराव्यांची उलटतपासणी घेतली. १९४९ साली संस्कृतला राजभाषा करण्याच्या सूचनेला त्यांनी पाठिंबा दिला, हे तर आपल्यातल्या कित्येकांना आजही पचत नाही.

आपल्या मुलाला अवघड गणित झेपणार नाही, त्याला सोपा विषय द्या, असे कोणी मायेने म्हणाले तरी आम्ही सावध होतो. दारावर अडवण्याची ती मवाळ पद्धत आहे. शाळेत मारहाण होत असेल, जात विचारली जात असेल, तर आम्ही तक्रार लिहून देऊ, कोर्टात उभे राहू. पण पाढे पाठ करायला लावतात, ही तक्रार आमच्याकडे आणू नये.

२० जून १९४६ रोजी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. दार सर्व जातिधर्मांना उघडे होते. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे जावे म्हणून वर्ग सकाळी भरत. अभ्यासक्रम विद्यापीठाचाच होता, पूर्ण.