फॉर्म्युला रेसिंग समजून घेऊया : हुआन मॅन्युएल फॅन्जिओ यांची ओळख



सातवीच्या वर्गात क्षेत्रफळाची सूत्रं चालू होती. सूत्राला इंग्रजीत फॉर्म्युला म्हणतात एवढं मी सांगितलं, तर मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला की मग फॉर्म्युला वनच्या गाडीत कुठलं सूत्र असतं? मुलं हसली, पण प्रश्न अगदी बरोबर होता. आपली मुलं टीव्हीवर, मोबाईलवर त्या गाड्या बघतात. नियम मात्र फारसे कुणाला माहीत नसतात, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हते. वाचत गेलो तेव्हा एका माणसाच्या आयुष्यातूनच हा खेळ नीट उलगडला. आज त्यांच्याविषयी.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. इथे फॉर्म्युला म्हणजे नियमांचा संच. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचं इंजिन किती मोठं असावं, वजन किती असावं, रचना कशी असावी हे आधीच ठरलेलं असतं. त्या चौकटीत बसवूनच प्रत्येक संघ आपली गाडी बनवतो. फॉर्म्युला १ ही सगळ्यात वरची इयत्ता, खाली फॉर्म्युला २, फॉर्म्युला ३. चौकट सगळ्यांना सारखी, पण गाडी ज्याची त्याची वेगळी. म्हणून ही जेवढी चालकांची स्पर्धा आहे तेवढीच इंजिनिअरांची.

हुआन मॅन्युएल फॅन्जिओ यांचा जन्म २४ जून १९११ रोजी अर्जेंटिनातल्या बालकार्से या गावी झाला. बटाट्याच्या शेतीसाठी ओळखला जाणारा हा भाग. आईवडील इटलीहून आलेल्या कुटुंबांतले, कष्टकरी. मुलाचे पाय थोडे बाकदार होते, म्हणून फुटबॉल खेळताना सोबत्यांनी त्याचं नाव एल चुएको, म्हणजे वाकड्या पायांचा, असं पाडलं. हे नाव आयुष्यभर चिकटलं.

आता आपल्याला जरा अवघड जाणारी गोष्ट. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली आणि तो गॅरेजमध्ये कामाला लागला. गाड्यांखाली सरपटणं, ग्रीसने हात काळे करणं, इंजिन उघडून पुन्हा जोडणं, हेच त्याचं शिक्षण झालं. पुढे न्यूमोनियाने त्याला बराच काळ अंथरुणाला खिळवलं. मग लष्करातली सक्तीची सेवा झाली. परतल्यावर मित्रांना बरोबर घेऊन त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. १९३६ मध्ये पहिली शर्यत केली ती एका फोर्ड टॅक्सीला शर्यतीची गाडी बनवून, आणि तीही खोट्या नावाने.

अर्जेंटिनातल्या त्या शर्यती आजच्यासारख्या गोल ट्रॅकवर नसायच्या. कच्चे रस्ते, धूळ, डोंगर, नद्या. १९४० मध्ये ब्युनोस आयर्स ते पेरूमधलं लिमा आणि परत, साधारण साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत फॅन्जिओ यांनी जिंकली. गाडी शेवरोले, आणि तिच्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढलेली. रस्त्यात काही मोडलं तर दुरुस्ती स्वतःच करायची. गाडीचा आवाज ऐकून तिला काय दुखतंय हे ओळखण्याची सवय त्यांना इथेच लागली, असं मला वाटतं. गाडीला ओरबाडून न चालवता जपून, तरीही सगळ्यांच्या पुढे नेणं ही त्यांची पुढची खरी ओळख ठरली.

१९४८ मध्ये पेरूमधूनच जाणाऱ्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत रात्री त्यांची गाडी दरीत कोसळली. शेजारी बसलेले सहचालक आणि मित्र दानिएल उरुतिया यांचा मृत्यू झाला. रेसिंग सोडावं असा विचार फॅन्जिओ यांच्या मनात आला होता. सोडलं मात्र नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाईल क्लबच्या पाठबळावर ते युरोपात गेले आणि तिथल्या शर्यती एकामागून एक जिंकू लागले. वय ३८. आज या वयात बहुतेक चालक निवृत्त झालेले असतात.

१९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला झाली. फॅन्जिओ इटलीच्या अल्फा रोमिओ संघात होते.

इथे गुणांचं गणित समजून घेऊ. वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येकीला ग्रां प्री म्हणतात. त्या काळी पहिल्या पाच जणांना ८, ६, ४, ३, २ असे गुण आणि सगळ्यात वेगवान फेरी मारणाऱ्याला १ गुण मिळायचा. आता पहिल्या दहा जणांना गुण असतात, विजेत्याला २५. वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त तो विश्वविजेता. चालकांचं विजेतेपद वेगळं आणि संघांचं वेगळं, संघांचं १९५८ पासून सुरू झालं. पहिल्या वर्षी फॅन्जिओ यांचे २७ गुण झाले आणि त्यांच्याच संघातल्या ज्युसेप्पे फारिना यांचे ३०. तीन गुणांनी विजेतेपद हुकलं.

पण त्याच वर्षीच्या मोनॅकोच्या शर्यतीची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. शहराच्या रस्त्यांवरून, समुद्राच्या कडेने ही शर्यत होते. पहिल्याच फेरीत लाटांचं पाणी रस्त्यावर आलं, मागच्या गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या आणि नऊ गाड्या बाद झाल्या. फॅन्जिओ सगळ्यात पुढे असल्याने त्यांना हे ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या फेरीत त्या वळणाकडे येताना त्यांच्या लक्षात आलं की प्रेक्षक आपल्याकडे बघत नाहीयेत. पहिल्या क्रमांकाच्या गाडीकडे कुणी बघत नाही म्हणजे पुढे काहीतरी घडलंय. त्यांनी ब्रेक लावला, मोडक्या गाड्यांमधून वाट काढली आणि शर्यत जिंकली. तिथे पूर्वी झालेल्या अशाच अपघाताचा फोटो आपण पाहिला होता, असंही त्यांनी नंतर सांगितलं. निरीक्षण या विषयावर इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

१९५१ मध्ये ते पहिल्यांदा विश्वविजेते झाले. त्या वेळचं सूत्र असं होतं की इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, असेल तर इंजिन दीड लिटरचं आणि नसेल तर साडेचार लिटरचं चालेल. अल्फाने पहिला मार्ग घेतला होता. ताकद भरपूर, पण खादाडही तेवढीच. एका लिटरमध्ये एक किलोमीटरसुद्धा जात नसे! फेरारीने दुसरा मार्ग घेतला आणि त्यांच्या गाडीला इंधन कमी लागू लागलं. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला फॅन्जिओ यांना मागे टाकून फेरारीला पहिला विजय मिळवून दिला तो त्यांच्याच देशातल्या गोन्झालेझ यांनी. एकच नियम, दोन उत्तरं. पुढेही सूत्र बदलत राहिलं. आजचं इंजिन १.६ लिटरचं, टर्बोचं आणि जोडीला विजेवर चालणारी मोटर.

१९५२ मध्ये उत्तर आयर्लंडमधली शर्यत संपवून फॅन्जिओ इटलीतल्या मोंझाकडे निघाले. पॅरिसहून रात्रभर स्वतः गाडी चालवत, शर्यतीच्या अर्धा तास आधी पोहोचले. झोप नाही, सराव नाही. दुसऱ्याच फेरीत गाडी उलटली, मानेला जबर दुखापत झाली आणि ते उरलेलं वर्ष गेलं. इतका हिशेबी माणूस त्या दिवशी हिशेब चुकला.

१९५४ आणि १९५५ अशी दोन विजेतेपदं मिळाली. १९५४ ची सुरुवात माझेराटीमधून आणि नंतर मर्सिडीज. पण १९५५ हे वर्ष वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलं. ११ जूनला फ्रान्समधल्या ल माँ इथल्या २४ तासांच्या शर्यतीत (ही फॉर्म्युला १ ची नव्हे) मर्सिडीजचे पिएर लवेग यांची गाडी समोरच्या गाडीवर चढून प्रेक्षकांत जाऊन फुटली. ८० हून अधिक माणसं गेली. फॅन्जिओ त्यांच्या अगदी मागे होते आणि थोडक्यात वाचले. वर्ष संपताना मर्सिडीजने रेसिंगमधून अंग काढून घेतलं.

१९५६ मध्ये ते फेरारीत आले. शेवटच्या मोंझाच्या शर्यतीत त्यांची गाडी बिघडली. तेव्हा एकाच्या गाडीत दुसऱ्याने बसून शर्यत पुरी करायला परवानगी होती, गुण दोघांत वाटले जायचे. पीटर कॉलिन्स हे २४ वर्षांचे सहकारी, त्यांनाही त्या दिवशी विश्वविजेता होण्याची संधी होती. पण ते गाडीतून उतरले आणि ती फॅन्जिओ यांना दिली. चौथं विजेतेपद असं आलं.

आणि मग ४ ऑगस्ट १९५७, जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग. डोंगरातला २२.८ किलोमीटरचा ट्रॅक, दीडशेहून जास्त वळणं, २२ फेऱ्या. फॅन्जिओ आता पुन्हा माझेराटीत होते, समोर फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि तेच कॉलिन्स. फेरारीने टाकी भरून, टणक टायर लावून न थांबता जायचं ठरवलं. फॅन्जिओ यांनी अर्धी टाकी आणि मऊ टायर घेतले. गाडी हलकी म्हणून पळणार जोरात, पण मध्ये एकदा थांबावं लागणार. हेच पिट स्टॉपचं तत्त्व आहे. थांबण्यात जाणारा वेळ आधीच कमावून ठेवायचा. आज शर्यतीत इंधन भरायला बंदी आहे, पण टायर बदलण्याचा हिशेब तोच. आता वीसेक माणसं दोन-तीन सेकंदांत चारही चाकं बदलतात.

बाराव्या फेरीअखेर ते सुमारे अर्धा मिनिट पुढे होते. थांबले, आणि गोंधळ झाला. चाकाचा नट हातातून सुटला आणि गाडीखाली गेला. बाहेर पडले तेव्हा फेरारी सुमारे ४८ सेकंद पुढे गेलेल्या. मी हे गणित फळ्यावर घातलं : फेऱ्या उरल्या १०, फरक ४८, तर प्रत्येक फेरीत किती सेकंद भरून काढायचे? उत्तर सोपं आहे, पण तोडीस तोड गाड्यांमध्ये फेरीला पाच सेकंद म्हणजे जवळजवळ अशक्य. नेहमी खालचा गिअर टाकायचे तिथे त्यांनी वरचा ठेवला. एकामागून एक फेरीचे विक्रम मोडत गेले. सराव सत्रातली त्यांची सगळ्यात वेगवान फेरी ९ मिनिटं २५.६ सेकंदांची होती (या वेळेवरूनच शर्यतीच्या सुरुवातीला कोण कुठे उभा राहणार हे ठरतं). शर्यतीत त्यांनी ९ मिनिटं १७.४ सेकंदांची फेरी मारली. एकविसाव्या फेरीत दोघांनाही ओलांडलं आणि ३.६ सेकंदांनी जिंकले. वय ४६. पाचवं विश्वविजेतेपद, आणि कारकिर्दीतला चोविसावा, शेवटचा विजय. असा धोका पुन्हा कधी पत्करणार नाही, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केलं.

१९५८ च्या फेब्रुवारीत क्युबात शर्यतीच्या आदल्या दिवशी फिडेल कॅस्ट्रो यांच्या चळवळीतल्या माणसांनी त्यांचं हॉटेलमधून अपहरण केलं. सरकारची फजिती करणं हा हेतू. दिवसभराहून थोडा जास्त वेळ ठेवून त्यांना सुखरूप सोडलं. ती शर्यत त्यांच्याविना झाली आणि एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसं दगावली.

६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समध्ये रँसला त्यांनी शेवटची शर्यत केली. पुढे असलेले हॉथॉर्न त्यांना एका फेरीने मागे टाकू शकत होते, पण आदरापोटी त्यांनी वेग कमी केला. फॅन्जिओ चौथे आले आणि थांबले. त्याच शर्यतीत लुइजी मुस्सो गेले. पुढच्या महिन्यात नुर्बुर्गरिंगला कॉलिन्स गेले. जानेवारी १९५९ मध्ये हॉथॉर्न साध्या रस्त्यावरच्या अपघातात गेले. तेव्हा गाडीत सीट बेल्टसुद्धा नसायचा. आज चालकाच्या डोक्याभोवती हॅलो नावाची मजबूत कमान असते, ती २०१८ पासून सक्तीची आहे.

फॅन्जिओ अर्जेंटिनात परतले, मर्सिडीजच्या व्यवसायात रमले. १९८६ मध्ये बालकार्सेत त्यांच्या गाड्यांचं आणि करंडकांचं संग्रहालय उघडलं. १७ जुलै १९९५ रोजी ब्युनोस आयर्समध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं आणि बालकार्सेतच त्यांना दफन केलं गेलं. ५१ शर्यतींत २४ विजय. पाच विजेतेपदांचा त्यांचा विक्रम २००३ मध्ये मायकेल शूमाकर यांनी सहावं जिंकेपर्यंत कुणालाच मोडता आला नव्हता.