बालाचडीचे बापू

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहेत ते रणजितसिंहजींचे पुतणे आणि क्रिकेट नियामक मंडळाचे एकेकाळचे अध्यक्ष म्हणून. पोलंडमध्ये मात्र त्यांचे नाव निराळ्याच कारणाने घेतले जाते.

१८९५ साली जन्मलेले दिग्विजयसिंहजी १९३३ मध्ये गादीवर आले. त्याआधी काकांसोबत जिनिव्हात असताना पियानोवादक आणि पोलंडचे माजी पंतप्रधान पाडेरेव्स्की यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता. पोलंडविषयीची आस्था तेव्हापासूनची.

१९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड बळकावला आणि लाखो माणसांना सायबेरिया, कझाकस्तानात धाडले. १९४१ मध्ये सुटका झाली, तोवर कित्येक मुलांचे आईवडील भुकेने वा रोगाने दगावले होते. काही मातांनी तर मूल जगावे म्हणून ते स्वतःच अनाथालयाच्या स्वाधीन केले होते. अशी शेकडो मुले १९४२ मध्ये अश्गाबादहून ट्रकने इराणमार्गे भारतात आली. जामनगरजवळच्या समुद्रकाठी, बालाचडी येथील आपल्या उन्हाळी महालालगत जामसाहेबांनी त्यांच्यासाठी छावणी उभारली. नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष या नात्याने इतर संस्थानिकांनाही मदतीस प्रवृत्त केले.

मुलांनी स्वतःला अनाथ समजू नये, आपण त्यांचे बापू आहोत, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पण बापू होताना त्यांनी मुलांना आपल्या साच्यात ओतले नाही, हे अधिक महत्त्वाचे. शिक्षक पोलिश, भाषा पोलिश, प्रार्थना कॅथलिक. ग्रंथालयात पोलिश पुस्तके. पालकाचा ताटवा मुलांना नकोसा झाला, तेव्हा तो ताटातून हद्दपार झाला म्हणतात!

युद्ध संपल्यावर खरा पेच उभा राहिला. पोलंडमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली होती आणि मुलांना परत पाठवण्याची मागणी होऊ लागली. ज्यांनी घरदार हिरावले त्यांच्याच छायेत ही मुले जाणार होती. तेव्हा जामसाहेब, छावणीप्रमुख फादर प्लुटा आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले. १९४६ मध्ये छावणी बंद झाली; उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश वसाहतीत आली आणि तेथून जगभर पांगली.

जामसाहेब पुढे सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये वॉर्सातील एका शाळेला त्यांचे नाव मिळाले, पुढे तेथील एक चौकही ‘चांगल्या महाराजां’चा झाला. बालाचडीत आज सैनिकी शाळा भरते.