दगडांतील मेंदू

प्राणी मेला, की त्याच्या शरीराचे मऊ भाग लवकर कुजून जातात. हाडे मात्र कधी कधी कोट्यवधी वर्षे खडकांत टिकून राहतात. मेंदू तर फारच नाजूक. मग नामशेष झालेल्या प्राण्याचा मेंदू कसा होता, हे कळावे तरी कसे? या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य वेचले, त्या टिली एडिंगर यांचा जन्म १८९७ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी झाला. त्यांचे वडील मेंदूचे नामांकित अभ्यासक होते. जिवंत प्राण्यांचे मेंदू वडिलांनी अभ्यासिले. मुलगी वळली ती दगडांकडे.

विद्यापीठात पदवीच्या प्रबंधासाठी टिलीबाईंनी नोथोसॉरस हा वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा सागरी सरपटणारा प्राणी निवडला. त्याच्या एका कवटीच्या पोकळीत गाळ भरून त्याचा दगड बनला होता. ओल्या मातीवर पावलाचा ठसा उमटावा, तसा त्या दगडावर मेंदूच्या आकाराचा ठसा होता! १९२१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे फ्रांकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात त्या विनावेतन काम करू लागल्या. जगभर विखुरलेली अशा ठशांची माहिती एकत्र करून त्यांनी १९२९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुणपणापासूनच त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत चालली होती. पण या कामात कानांपेक्षा डोळ्यांचीच गरज अधिक.

१९३३ साली हिटलरची राजवट आली. एडिंगर घराणे ज्यू. संग्रहालयाच्या संचालकांनी टिलीबाईंना आश्रय दिला खरा. परंतु दारावरील त्यांच्या नावाची पाटी निघाली, आणि बाजूच्या दाराने गुपचूप येऊन त्या काम करीत राहिल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले, तेव्हा तेही दार बंद झाले. १९३९ साली त्या लंडनला गेल्या. तेथे भाषांतरे करून त्यांनी पोट भरले. १९४० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यांना जागा मिळाली.

मेंदूचा इतिहास आजच्या प्राण्यांची तुलना करून सांगता येईल, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. टिलीबाईंनी घोड्याच्या पूर्वजांचे ठसे क्रमाने मांडून १९४८ साली दाखवून दिले, की मेंदूच्या वाढीची गती शरीराच्या वाढीहून निराळी होती. पुरावा खडकांतच शोधला पाहिजे, हे यामुळे स्पष्ट झाले. १९६३ साली पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांनी त्यांना आपल्या संस्थेचे अध्यक्षपद दिले.

जीवाश्म मेंदूंविषयीच्या सर्व लेखनाची सूची त्या तयार करीत होत्या. ते काम चालू असतानाच, मे १९६७ मध्ये रस्ता ओलांडताना झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. सूची सहकाऱ्यांनी पूर्ण केली.