गोष्ठ पाल आणि मैदानावरची माणसे

कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानात पुतळ्यांना तोटा नाही. राज्यकर्ते, सेनानी, समाजसुधारक आणि राष्ट्रपुरुष यांच्या या मांदियाळीत १९८४ साली, ईडन गार्डन्सच्या शेजारी, एका फुटबॉलपटूचा पुतळा उभा राहिला. लगतच्या रस्त्यालाही त्याचेच नाव आहे. गोष्ठ पाल हे ते नाव. या खेळाडूची कारकीर्द केवळ चषकांच्या हिशेबाने मोजू गेल्यास हा मान कोड्यात टाकतो. १९१३ ते १९३५ अशी सुमारे बावीस वर्षे पाल मोहन बागान संघाकडून खेळले. परंतु या सबंध काळात त्यांच्या संघाला आय.एफ.ए. शील्ड जिंकता आली नाही आणि कलकत्ता लीगचे विजेतेपदही मिळविता आले नाही. शील्ड त्यांच्या आगमनापूर्वी दोन वर्षे मिळाली होती. लीग ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, १९३९ मध्ये मिळाली. मधल्या दुष्काळाचा हा नायक. तरीही बंगालमधील सामान्य माणसाने जेवढा जीव या खेळाडूवर लावला, तेवढा क्वचितच एखाद्या विजेत्यावर लावला असेल. फुटबॉलवेड्या माणसाचे मन नेमके कशावर जडते, याचे उत्तर या आयुष्यात सापडते.

गोष्ठ पाल यांचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजी पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यात भोजेश्वर या गावी झाला. लहानपणीच ते कलकत्त्यास आले आणि शहराच्या उत्तर भागात, मूर्तिकारांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या कुमारटुलीत वाढले. फुटबॉलचे पहिले धडेही त्यांनी तेथेच गिरविले. ते पंधराव्या वर्षात असताना, २९ जुलै १९११ रोजी, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून शील्ड जिंकली. ही शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. त्याच्या अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी खेळले होते. सामना पाहण्यासाठी लांबलांबच्या गावांहून आगगाड्या भरभरून माणसे आली. ज्यांना मैदान दिसणेही शक्य नव्हते, त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून आकाशात पतंग चढविण्यात आले. वंगभंगाच्या चळवळीने तापलेल्या त्या प्रांताला हा केवळ खेळातील विजय वाटला नाही. गोऱ्या पलटणीला बरोबरीच्या नियमांनी हरविता येते, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. गोष्ठ पाल यांची पिढी या दृश्याच्या सावलीत वाढली. ते दृश्य पुन्हा घडवून दाखविण्याचे ओझेही तिच्याच खांद्यावर पडले.

दोन वर्षांनी मोहन बागानने या तरुणाला संघात घेतले. पहिल्या सामन्यात तो हाफच्या जागी खेळला, ओल्या मैदानावर त्याचे पाय ठरेनात आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. पुढे ज्याला डोक्यावर घेतले, त्याचे स्वागत मैदानाने असे केले. पाल खचले नाहीत. त्यांना मागे, बॅकच्या जागी आणण्यात आले आणि तेथे त्यांना आपले खरे स्थान सापडले. त्या काळच्या मांडणीत गोलरक्षकापुढे दोनच बॅक असत. समोरून येणारे पाच आघाडीवीर बहुधा लष्करातले, अंगाने दणकट आणि पायांत जाड चामड्याचे बूट घातलेले. त्यांच्या धडकेसमोर अनवाणी उभे राहणे म्हणजे प्रत्येक सामन्यात हाडांची परीक्षा देणे होते. पाल यांनी ती परीक्षा वर्षानुवर्षे दिली. देह भरदार, पायात जोर आणि चेंडू कोठे येणार याची अचूक जाण, या गुणांनी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना रोखून धरले. त्यांना चीनच्या भिंतीची उपमा मिळाली आणि ती त्यांना कायमची चिकटली.

ही उपमा तेवढी लोकप्रिय का झाली, हे समजण्यासाठी प्रेक्षकांकडे पाहावयास हवे. फुटबॉलच्या दिवशी कलकत्त्यातील कचेऱ्या सुटल्या की कारकून, शिकाऊ वकील, दुकानांतले गुमास्ते आणि कॉलेजातील मुले यांचे लोंढे ट्रामने अथवा पायी मैदानाकडे वळत. ज्यांना तिकीट परवडत नसे, ते फोर्ट विल्यमच्या मातीच्या उतारावर चढून लांबून खेळ पाहत. दिवसभर गोऱ्या साहेबाची बोलणी निमूटपणे ऐकणारा माणूस संध्याकाळी त्याच साहेबाच्या संघाला अडविणारा एक अनवाणी बंगाली पाहत असे. आघाडीवीर गोल करतो तेव्हा आनंद होतो खरा; परंतु ज्याचे सारे आयुष्य धक्के सोसण्यात चालले आहे, त्याला न हलणारा माणूस अधिक जवळचा वाटतो. गोष्ठ पाल यांच्यामध्ये त्या प्रेक्षकाला आपण कसे असावयास हवे होते, ते दिसत होते.

या प्रेमात पावसाचाही मोठा वाटा होता. कलकत्त्याचा फुटबॉल हंगाम ऐन पावसाळ्यातला. मैदान कोरडे असले की अनवाणी खेळाडू चपळाईने बूटवाल्यांना भारी पडत. मैदानात चिखल झाला की त्यांचे पाय घसरत आणि बूट घातलेला सैनिक ठामपणे उभा राहत असे. त्यामुळे शेतकरी ज्या दिवसांत पावसाची वाट पाहतो, त्याच दिवसांत मोहन बागानचा चाहता आभाळाकडे पाहून उघडीप मागत असे. १९२३ साली पाल यांच्या नायकत्वाखाली संघ शील्डच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बारा वर्षांनी ते दृश्य पुन्हा घडेल, या आशेने लोक जमले. पण पावसाने मैदानाचा चिखल केला आणि कलकत्ता फुटबॉल क्लबने ३-० असा विजय मिळविला. त्याच वर्षी मोहन बागानने मुंबईस येऊन रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथेही डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे हरविले. १९२५ मध्ये सिमल्याच्या ड्युरँड स्पर्धेचे निमंत्रण मिळालेला हा पहिला भारतीय संघ ठरला. परंतु त्याची वाटचाल उपान्त्य फेरीत थांबली. लीगमध्ये दुसरा क्रमांक तर एकाहून अधिक वेळा वाट्यास आला.

पराभवांच्या या मालिकेत नियमांचा पक्षपातही विसरता येणार नाही. लीगच्या पहिल्या श्रेणीत मोहन बागानला प्रवेश मिळाला तो १९१५ साली. त्यानंतरही अनेक वर्षे या श्रेणीत दोनांहून अधिक भारतीय संघांना जागा नव्हती. स्पर्धेचे नियम ज्यांच्या हाती, त्यांचेच संघ समोर, अशी ती स्थिती होती. पाल यांनी त्याबद्दलचा राग आडदांडपणाने काढला नाही. त्यांचा खेळ कणखर होता. पण तो नियमांच्या चौकटीतला होता. १९२१ ते १९२६ या काळात नायकपद सांभाळताना त्यांनी संघालाही हीच शिस्त लावली. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडीही त्यांच्याविषयी आदर असे, याचे कारण या संयमात आहे.

खरा कसोटीचा प्रसंग मात्र गोऱ्यांशी झालेल्या सामन्यांतून नव्हे, तर घरच्याच भांडणातून उभा राहिला. २८ जुलै १९२० रोजी मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान संघाने शैलेश बोस या पूर्व बंगालमधील खेळाडूला वगळले. त्याचा संताप येऊन त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट रोजी ईस्ट बंगाल क्लबची स्थापना झाली. कलकत्त्याचे मूळ रहिवासी ते घोटी आणि पद्मेपलीकडून आलेले ते बांगाल, हा भेद स्वयंपाकात, बोलीत आणि सोयरिकीत आधीपासून होताच. आता त्याला दोन ध्वज मिळाले. पुढे मोहन बागान जिंकला की एका घरात चिंगडी शिजू लागली आणि ईस्ट बंगाल जिंकला की दुसऱ्या घरात हिलसा. २८ मे १९२५ रोजी हे दोन संघ लीगमध्ये प्रथमच समोरासमोर आले आणि ईस्ट बंगालने १-० असा विजय मिळविला. त्या वेळी मोहन बागानचे नायकपद होते फरीदपूरच्या गोष्ठ पाल यांच्याकडे. म्हणजे घोटींच्या संघाचा मानबिंदू जन्माने बांगाल होता. १९११ च्या विजयी संघातील अनेकांची मुळेही पूर्व बंगालातच होती. ज्या भेदावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडत आल्या, तो भेद त्यांच्या सर्वांत मोठ्या दैवतालाच लागू पडत नव्हता. पाल यांनी याविषयी प्रवचने दिली नाहीत. ज्या क्लबाने हात धरला त्याच्याकडून ते अखेरपर्यंत खेळले, आणि समोरच्या क्लबाच्या माणसांनीही त्यांना परके मानले नाही.

कारकिर्दीच्या अखेरीस, १९३३ मध्ये, त्यांनी सिलोनच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. पुढच्याच वर्षी कलकत्ता लीग प्रथमच एका भारतीय संघाने जिंकली. मात्र तो मोहन बागान नव्हता, तर मोहमेडन स्पोर्टिंग होता. ओल्या मैदानावर बूट घालून उतरण्याचा शहाणपणा या संघाने दाखविला आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग आपल्याकडे ठेवली. पाल यांच्या पिढीला जे साधले नव्हते, ते दुसऱ्यांनी डोळ्यांदेखत साधले. १९३५ मध्ये ते निवृत्त झाले. स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि त्यांचे जन्मगाव दुसऱ्या देशात गेले. त्याच पद्मेपलीकडून निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यात आले आणि ईस्ट बंगालचा लाल-पिवळा ध्वज हा त्यांना गमावलेल्या घराचा पर्याय वाटू लागला. ते वाटणे स्वाभाविकच होते. परंतु त्या वाटण्यातून मैदानावरील चुरशीला एक कडवट धारही आली. १९६२ साली भारत सरकारने गोष्ठ पाल यांना पद्मश्री दिली. हा मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षी त्यांच्या क्लबाच्या वाट्यास फार मोठी मानहानी आली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरविले. त्या पराभवाने व्यथित होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपविले. त्यानंतर जेमतेम सहा-सात महिन्यांनी, एप्रिल १९७६ मध्ये, गोष्ठ पाल यांचे निधन झाले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन सोळा माणसे प्राणास मुकली. जे घरून खेळ पाहण्यास निघाले होते, ते परतलेच नाहीत. पुढे अनेक वर्षे त्या तारखेस रक्तदान शिबिरे भरत राहिली. चार वर्षांनी त्याच परिसरात गोष्ठ पाल यांचा पुतळा बसला. त्या ठिकाणाला या दुर्घटनेची आठवण चिकटलेली आहे.

त्यांच्या काळातील चाहता आणि १९८० चा चाहता यांत प्रेमाचे प्रमाण कमी-अधिक होते, असे म्हणता येणार नाही. फरक प्रेमाच्या आधारात होता. पाल यांचा चाहता माणसाच्या वागण्यावर प्रेम करीत होता. पराभव झाला तरी ते वागणे शाबूत राहत असे, म्हणून पराभव पचविता येत असे. ज्याचे प्रेम केवळ निकालावर उभे असते, त्याला निकाल उलटल्यावर हाती धरण्यासारखे काहीच उरत नाही. मग तो स्वतःवर उलटतो किंवा शेजाऱ्यावर. गेल्या शतकातील जुन्या प्रेक्षकांना सारेच शहाणे ठरविण्याचे कारण नाही. पाल यांची पहिल्याच दिवशी हुर्यो उडविणारे तेच होते. परंतु त्यांना थांबून पाहण्याचा धीर होता आणि पाल यांच्यात तो धीर सार्थ करण्याची ताकद होती.

हा धीर पुरता आटलेला नाही, याची साक्षही याच शहराने दिली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, एका सरकारी रुग्णालयातील तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने कोलकाता हादरले असताना, १८ तारखेस व्हावयाचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही क्लबांचे चाहते आपापले ध्वज घेऊन स्टेडियमबाहेर जमले आणि खांद्याला खांदा लावून त्यांनी न्यायाची मागणी केली. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा हे रंग त्या संध्याकाळी एकाच जमावात होते.

आज गोव्यापासून केरळपर्यंत आणि मुंबई-पुण्यातील वस्त्यांतूनही फुटबॉलचे वेड आहे. रात्री जागून परदेशी संघांचे सामने पाहणारी आणि त्यांच्या पराभवाने दुसऱ्या दिवशी घुम्या चेहऱ्याने कामावर जाणारी मुले घरोघरी आहेत. या वेडात वाईट काही नाही. रोजच्या जगण्याला ते एक उमेद देते. फक्त चषकांची संख्या हाच प्रेमाचा एकमेव हिशेब झाला, तर त्या हिशेबात गोष्ठ पाल बसणार नाहीत, आणि जे प्रेम त्यांना सामावून घेऊ शकत नाही ते फार काळ टिकण्यासारखेही नाही. मोठी शील्ड अथवा लीग न जिंकता एका माणसाने एका शहराला दोन दशके ताठ मानेने घरी परतावयास शिकविले. मैदानाशेजारचा तो पुतळा या ऋणाची नोंद आहे.